घशाशी अडलेलं

दहाव्याच्या दिवशी पाताळगंगेच्या काठी माझ्या मामाचा पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या उंबरावर तीन कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. मग घरातला एकेक जण पुढे होऊन, हात जोडून बोलू लागला. "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नको." कावळा हलला नाही. "विहिरीचं काम पुरं करतो." नाहीच. शेवटी धाकटा मामा पुढे आला. बांधावरून दोघा भावांत अकरा वर्षं अबोला होता. त्यानं वचन वगैरे काही दिलं नाही. "दादा, माझं चुकलं," एवढंच म्हणाला आणि तिथेच वाळूत मटकन बसला. कावळा लगेच आला की आणखी अर्ध्या तासानं, हे मला आज नक्की आठवत नाही. पण सकाळी दोन वेगवेगळ्या टेम्पोंतून आलेली दोन घरं परतताना एकाच टेम्पोत बसली होती, हे पक्कं आठवतं.

पुढे मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. मनात अडकून राहिलेल्या भावना कशा मोकळ्या होतात, यावर बरंच वाचलं, बरंच ऐकलं. पण या विषयाचा विचार करायला लागले की मन पहिल्यांदा त्या वाळूवरच जातं. कावळ्याच्या निमित्तानं आपल्या लोकांनी एक जागा करून ठेवली आहे, जिथे जन्मभर न बोललेलं चारचौघांत मोठ्यानं बोलता येतं आणि बोलणाऱ्याला कुणी हसत नाही. ही पुस्तिका अशाच जागांबद्दल आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आशाताई, अंगणवाडीताई, आश्रमशाळांचे शिक्षक आणि वाड्या-पाड्यांवर जाणारे कार्यकर्ते यांच्या हाती ती पडावी, म्हणून लिहिली आहे. शरीर, श्वास, स्पर्श आणि सोबत यांच्या आधारानं अडलेल्या दुःखाला वाट कशी करून द्यायची, हा तिचा विषय. शहरात याला हल्ली समग्र ऊर्जा उपचार म्हणतात. त्या नावाबद्दल मला जे वाटतं ते पुढे सांगतेच.

आधी इर्शाळवाडीबद्दल बोलायला हवं, कारण या पुस्तिकेची गरज तिथेच जाणवली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या ठाकर वाडीवर डोंगर कोसळला. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पावसात चिखलाची चढण होती. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून जवानांनी, गिर्यारोहकांनी, गावोगावच्या पोरांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोधकार्य थांबवलं. तोवर २७ मृतदेह हाती आले होते. ५७ माणसं सापडली नाहीत, ती मृत धरण्यात आली.

हे दोन आकडे एकत्र करून ८४ म्हणायची पद्धत आहे. माझ्या कामाच्या दृष्टीनं ते वेगळेच ठेवायला हवेत. २७ जणांच्या घरच्यांना निदान एक चेहरा, एक हात, अंगावरचा एखादा कपडा दिसला. ५७ जणांच्या घरच्यांना काहीच दिसलं नाही. त्यांच्यासाठी माणूस गेला, हे सरकारी कागदावर आलं, पण डोळ्यांनी पाहिलं नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांत काम केलं आणि अशा दुःखाला नाव दिलं. त्याला आपण संदिग्ध वियोग म्हणू. माणूस नाही, पण नाही असंही म्हणवत नाही. या दुःखाला शेवट नसतो, कारण त्याला सुरुवातच नीट मिळालेली नसते. आपल्या धर्मशास्त्राला हे पुरतं ठाऊक होतं. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, असा पालाशविधी त्यात सांगितला आहे. प्रत्येक समाजाची रीत वेगळी असते, ठाकरांची त्यांची स्वतःची आहे. पण रीत कुठलीही असो, निरोप द्यायला हाताला काहीतरी लागतं, पानांचं का होईना.

वाचलेली कुटुंबं आधी चौक गावाजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिली. पुढे त्यांच्यासाठी सिडकोनं पक्की घरं बांधली. घर मिळालं, हे फार मोठं काम झालं. पण चौकमधून मान वर केली की इर्शाळगड दिसतोच. द्रुतगती मार्गानं जाणाऱ्याला तो सुंदर दिसतो. ज्याची माणसं त्या मातीत राहिली आहेत त्याला तो रोज दिसतो, आणि जूनमध्ये ढग उतरले की दिसेनासा होतो. तेव्हा काय होत असेल, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्यानं त्या दारात जाण्याआधी एकदा करावा.

दुःख शरीरात साठतं, हे नव्या काळाचं ज्ञान आहे असं कुणी सांगू लागलं की मला आमच्या भाषेची आठवण होते. आपण आवंढा गिळतो. छातीवर दगड ठेवतो. पोटात खड्डा पडतो, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, घशाशी हुंदका येतो आणि तिथेच अडतो. नवरा गेल्यावर चार महिन्यांत बायको गेली तर गाव म्हणतं, "तिनं हाय खाल्ली." ही वाक्यं बोलणाऱ्या माणसाला मन आणि शरीर वेगळं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. दवाखान्यात गेल्यावर ते वेगळं होतं. बाई सांगते, "छातीत भरून येतं," ईसीजी निघतो, तो ठीक असतो, गॅसची गोळी मिळते. दोन महिन्यांनी ती पुन्हा येते. तिच्या खांद्याच्या, पाठीच्या, डोक्याच्या दुखण्याची जाड फाइल होते आणि त्या फाइलमध्ये तिच्या गेलेल्या मुलाचं नाव कुठेच नसतं.

अशा वेळी माणूस दुसरीकडे वळतो. वाडीवर भगत असतो, तो दाणे पाहतो. गावात आजी असते, ती मीठ-मोहऱ्या उतरवते. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जतच्या आजूबाजूला, उल्हासच्या काठानं आणि खालापूरच्या टेकड्यांवर जी फार्महाऊसं उभी राहिली, तिथे शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात. रेकी, प्राणिक हीलिंग, चक्रध्यान, नादोपचार. कर्जत लोकलमधून उतरून रिक्षा करणाऱ्या त्या थकलेल्या माणसांकडे मी नेहमी आस्थेनं पाहते. त्यांच्यातही कुणाची आई गेलेली असते, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. भगताकडे जाणारी ठाकर बाई आणि चक्र शुद्ध करायला आलेली बोरिवलीची बाई एकाच गोष्टीच्या शोधात असते: आपल्या आत काहीतरी अडलंय आणि ते कुणीतरी मोकळं करावं.

मीसुद्धा १९९० च्या दशकात रेकी शिकले. तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरांत तिची लाटच आली होती. जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये ही पद्धत मांडली, हवायो टकाटा यांनी ती हवाई बेटांवर नेली आणि तिथून ती जगभर पसरली. विश्वात प्राणशक्ती आहे, ती उपचार करणाऱ्याच्या हातांतून समोरच्या माणसात वाहते आणि अडलेलं मोकळं करते, अशी तिची मांडणी. दोन पायऱ्यांचं शिक्षण मी मनापासून घेतलं. हात गरम व्हायचे, समोरच्यालाही बरं वाटायचं. मी त्या बरं वाटण्याला पुरावा समजत होते.

मग १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. एमिली रोझा नावाच्या मुलीनं तो सुरू केला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हातांनी ऊर्जा जाणवते असं म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिनं पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसवलं आणि पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात बाहेर ठेवायला सांगितलं. नाणं उडवून ती त्यांच्या एका हाताच्या वर आपला हात धरायची आणि विचारायची, माझा हात कुठे आहे? २८० वेळा विचारलं, १२३ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज केला असता तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती.

हे वाचल्यावर मला वाईट वाटलं, आणि रागही आला. तो राग ओसरायला काही वर्षं लागली. आज माझं मत स्पष्ट आहे. हातांतून वाहणारी ती ऊर्जा कुठल्याही उपकरणावर आजवर दिसलेली नाही आणि ती आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्या खोलीत समोरच्याला बरं वाटत होतं, हेही खोटं नव्हतं. मग त्या खोलीत नेमकं काय होतं?

एक प्रसंग सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खोपोलीकडची एक बाई उजव्या खांद्यासाठी माझ्याकडे यायची. हात वर जात नव्हता. मुलगा मोटारसायकलच्या अपघातात जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण त्याबद्दल ती बोलत नसे. मी तिला चटईवर झोपवून खांद्याशी हात धरायची. तीन वेळा झालं, फरक काही नाही. चौथ्या वेळी मी थकले होते आणि नुसतीच तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. काही सुचेना, म्हणून विचारलं, "त्याला जेवायला काय आवडायचं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाकरीचा पापुद्रा." तांदळाची भाकरी टम्म फुगली की तव्याशेजारी उभा राहून तो वरचा पापुद्रा सोलून खायचा, म्हणून ती ओरडायची. "मी अजून पहिल्या भाकरीचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवते, ताई. घरात कुणाला माहीत नाही. नंतर कोंबड्यांना टाकते." आणि मग ती जी रडली, त्यात तिचं सगळं अंग हललं. मी हात काढला नाही, दुसरं काही केलंही नाही.

खांदा त्यानंतर हळूहळू सुटला. त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाचा वाटा किती आणि रडण्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण पापुद्र्याची गोष्ट तिनं पुढच्या आठवड्यात नवऱ्याला सांगितली. त्या घरात मुलाचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.

त्या खोलीत काय होतं, याची काही उत्तरं आता शरीरशास्त्रातून मिळतात. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे असतात जे मंद, मायेच्या स्पर्शालाच प्रतिसाद देतात. आई बाळाच्या पाठीवरून ज्या गतीनं हात फिरवते, साधारण तीच ती गती. श्वास संथ केला, मिनिटाला सहाच्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबवला, तर मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची धडधड शांत व्हायला मदत होते. श्वासाकडे असं मोजमापाच्या नजरेनं पाहायची परंपरा आपल्या उंबऱ्यावरच आहे. खोपोलीचा घाट चढला की लोणावळा, आणि तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं हे त्यांनी यंत्रं लावून तपासलं आणि 'योगमीमांसा'मधून छापलं. त्यांची योगावर श्रद्धा होती, आणि ती तपासायची त्यांना भीती वाटली नाही. आमच्या कामासाठी मला हाच आदर्श वाटतो. याखेरीज लिहिणं आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवलं, की मनातलं सर्वांत जड असलेलं रोज पंधरा मिनिटं, ओळीनं चार दिवस लिहिलं तर पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी बोलणं आहे, गाणं आहे, ठाकरांचा ढोल आहे. अख्खी वाडी हात धरून रात्रभर नाचते तेव्हा श्वास, ताल, स्पर्श आणि सोबत, चारही एकत्र येतात. त्याला कुणी उपचार म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही.

ऊर्जा या शब्दाशी माझं भांडण नाही. कष्टकरी बाई "अंगात जीवच राहिला नाही" म्हणते तेव्हा ती तेच सांगत असते. ज्याला त्या शब्दानं आधार मिळतो त्यानं तो वापरावा. पण पुस्तिकेतला एकही व्यायाम ती ऊर्जा मानल्याशिवाय करता येणार नाही, असा ठेवलेला नाही.

आता एक इशारा, आणि तो मी फार कळकळीनं देते. कुणालाही बळेच रडवू नका. दुर्घटनेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊन "काय पाहिलंत ते सगळं सांगा, मोकळे व्हा" म्हणणारी माणसं चांगल्या हेतूनं येतात आणि नुकसान करून जातात. एका बैठकीत सगळं बोलून घ्यायची ही पद्धत उपयोगाची नाही, काहींना तर त्रासदायक ठरते, असं अभ्यासांत दिसल्यावर ती मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यात क्रम साधा आहे: आधी पाहा, मग ऐका, मग जोडून द्या. कोरडे कपडे, गरम जेवण, आपली माणसं कुठे आहेत याची खरी माहिती आणि मुलांजवळ ओळखीचं माणूस. पहिल्या दिवसांत यापेक्षा मोठा उपचार नाही. दुःख त्याच्या वेळेनं वर येतं. आपण तेव्हा तिथे असावं, इतकंच.

दुसरा इशारा औषधांबद्दल. कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९८८ मध्ये रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना उचलून आणायला, बरं करायला आणि घरी पोचवायला सुरुवात केली. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या एका हॉटेलसमोर करवंटीनं गटाराचं पाणी पिणारा तरुण त्यांना दिसला आणि त्यातून हे काम उभं राहिलं. तो तरुण शिकलेला होता, त्याला स्किझोफ्रेनिया होता, औषधानं तो सुधारला. ज्याला आवाज ऐकू येतात, जो आठवडाभर झोपलेला नाही, जी बाळंतीण बाळाला जवळ घ्यायला तयार नाही, जो जीव देण्याची भाषा करतो, त्याच्यावर हात धरून बसण्यात वेळ घालवू नका. त्याला डॉक्टर लागतो आणि आजच लागतो. चालू गोळ्या बंद करा असं सांगणारा उपचारक, मग तो भगवे कपडे घालो की पांढरा कोट, आपल्या माणसाजवळ फिरकू देऊ नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखणं हा गुन्हा ठरवला आहे. मनाच्या आजाराबाबतही आपण स्वतःला तोच नियम लावून घेऊ.

तिसरी गोष्ट इशारा नाही, माझी खंत आहे. समग्र या शब्दाचा अर्थ आपण फार लहान करून टाकला आहे. तन, मन, आत्मा असं म्हटलं की झालं समग्र. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं, पोरांची शाळा सुटते, उचल घेतलेली असते म्हणून आजारी पडलं तरी परतता येत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते घरी येतं तेव्हा झोपडी पडलेली असते. त्या बाईच्या छातीत जे भरून येतं ते कुठल्या चक्रात अडलंय? तिला श्वासाचा व्यायाम मी जरूर शिकवीन. पण जातीचा दाखला, घराखालच्या जागेचा कागद, रोजगार हमीचं काम आणि मुलांसाठी वसतिगृहातली जागा, हेही तिच्या उपचाराचाच भाग आहे. दरडीच्या छायेतल्या वाड्यांना पावसाळ्याआधी सुरक्षित जागा मिळणं हाही. म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या भागात अर्ज कुठे आणि कसे करायचे ते दिलं आहे. छापण्याआधी काहींनी विचारलं, हे इथे कशाला? माझं उत्तर वर दिलंच आहे.

पुढची पानं एका बैठकीत वाचायची नाहीत. एक व्यायाम घ्या, आठवडाभर स्वतः करून पाहा, मगच दुसऱ्याला शिकवा. कुणाच्या अंगाला हात लावण्याआधी विचारा आणि समोरची व्यक्ती नाही म्हणाली तर नुसतं शेजारी बसा. जे ऐकाल ते गावात बोलू नका. तुम्हीही माणसं आहात. इर्शाळवाडीला धावून गेलेल्या कित्येकांनी आपलं पाहिलेलं अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांच्यातले काही हे वाचत असतील. तुमच्यासाठीही ही पुस्तिका आहे. महिन्यातून एकदा चार-पाच जणींनी एकत्र बसा, चहा ठेवा आणि एकमेकींचं ऐका.

आणि वाचताना स्वतःचंच काही वर आलं, रात्र सरेनाशी झाली, तर टेली मानसला फोन करा. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.